ओकिनोशिमा : दुरूनच दर्शन घ्यावयाचे पवित्र बेट

प्रस्तावना :

तीर्थयात्रा म्हणजे तीर्थस्थळी प्रत्यक्ष जाणे, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. जपानमधील ओकिनोशिमा हे बेट या गृहीतकास अपवाद आहे. येथील भाविकाने बेटावर पाऊल ठेवावयाचे नसते. समुद्रापलीकडून त्यास वंदन करावयाचे असते. इ. स. २०१७ मध्ये युनेस्कोने या बेटाचा व त्याच्याशी निगडित स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. जेथे जाता येत नाही अशा स्थळाचा वारसा नेमका कशात सामावलेला असतो, या प्रश्नाचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

स्थान व उपासना :

ओकिनोशिमा हे क्यूशू बेटाच्या किनाऱ्यापासून सुमारे ६० कि.मी. अंतरावर, कोरियाकडे जाणाऱ्या प्राचीन सागरी मार्गावर आहे. मुनाकाता तैशा या शिंतो देवस्थानाची तीन मंदिरे आहेत : ओकिनोशिमावरील ओकित्सुमिया, ओशिमा बेटावरील नाकात्सुमिया आणि मुख्य भूमीवरील हेत्सुमिया. सूर्यदेवता अमातेरासूच्या तीन कन्या तेथे पूजिल्या जातात. ओशिमाच्या उत्तर किनाऱ्यावर 'योहाइशो', म्हणजे दुरून उपासना करण्याचे स्थान आहे. हवा स्वच्छ असल्यास तेथून सुमारे ५० कि.मी. अंतरावरील बेट क्षितिजावर दिसते. न दिसल्यास त्या दिशेस वंदन केले जाते. पंढरपुरातील कळसदर्शनाची परंपरा परिचित असणाऱ्यास ही कल्पना अनोळखी वाटणार नाही. तथापि एक भेद महत्त्वाचा आहे. कळसदर्शन हा गाभाऱ्यातील दर्शनास पर्याय असतो. योहाइशो येथे मात्र दूरदर्शन हाच सामान्य भाविकाच्या उपासनेचा विहित मार्ग होय.

निषेध व उत्खनन :

बेटावरील गवताची काडीही बाहेर नेऊ नये, तेथे पाहिलेले कोणास सांगू नये आणि स्त्रियांनी तेथे जाऊ नये, असे परंपरागत निषेध आहेत. बेटावर उतरणाऱ्या पुरुषास प्रथम समुद्रस्नान करावे लागते. या निषेधांमुळेच चौथ्या ते नवव्या शतकांत तेथे झालेल्या विधींचे अवशेष जवळजवळ अबाधित राहिले. १९५४ ते १९७१ या काळात तीन टप्प्यांत झालेल्या उत्खननांत कांस्य आरसे, कोरियातील सिल्ला राज्याशी संबंधित सोन्याची अंगठी, इराणी बनावटीच्या काचपात्राचे तुकडे आदी वस्तू मिळाल्या. सुमारे ८०,००० वस्तूंना जपानच्या राष्ट्रीय संपत्तीचा दर्जा आहे. विधी प्रथम खडकांच्या माथ्यावर, नंतर त्यांच्या आडोशाला व अखेरीस उघड्या जागेवर होऊ लागले, हा क्रमही त्यातून स्पष्ट झाला. येथे एक विसंगती लक्षात घेणे अगत्याचे आहे. जे निषेधाने जतन केले, ते अभ्यासकांना ज्ञात झाले ते निषेध शिथिल झाल्यामुळेच.

वारशाची व्याप्ती :

जपानने आठ घटकस्थळांचा प्रस्ताव सादर केला होता. युनेस्कोच्या तज्ज्ञ सल्लागार संस्थेने मात्र ओकिनोशिमा व त्यालगतचे तीन खडक एवढ्याच चार घटकांची शिफारस केली. ती मान्य झाली असती तर पुरातत्त्वीय अवशेष वारसा ठरले असते; परंतु योहाइशो व अन्य दोन मंदिरे, म्हणजेच आजही चालू असलेली उपासना, वारशाबाहेर राहिली असती. जुलै २०१७ मध्ये क्राकोव्ह येथील अधिवेशनात समितीने आठही घटक मान्य केले.

या मान्यतेचा परिणाम प्रवेश खुला होण्यात झाला नाही. १९०५ च्या त्सुशिमा येथील नाविक युद्धाच्या स्मरणार्थ दरवर्षी २७ मे रोजी सुमारे २०० पुरुषांना बेटावर जाता येत असे. २०१८ पासून देवस्थानाने ही प्रथाही बंद केली. त्यामुळे सामान्य स्त्री व सामान्य पुरुष दोघेही आता किनाऱ्यावरच थांबतात. तरीही बेटावर आळीपाळीने राहणारा पुरोहित पुरुषच असतो. सर्वांना लागू असणारा संयम आणि केवळ स्त्रियांवर लादलेला निषेध यांतील फरक त्यामुळे पुसला जात नाही.

समारोप :

ओकिनोशिमाच्या उदाहरणावरून असे दिसते की, वारसा केवळ वस्तूंत वा वास्तूंत नसून त्या स्थळाशी समाजाने राखलेल्या अंतरातही असतो. मात्र हे अंतर कोणी ठरविले व ते कोणास लागू होते, हा प्रश्न विचारल्याखेरीज अशा वारशाचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.