ज्या गावी काम, त्या गावी धान्य

दुष्काळ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर १९७२ सालचे खडी फोडणारे तांडे उभे राहतात. परंतु पिंपरी-चिंचवडपासून भोसरी, मोशी, कुरुळी, म्हाळुंगे आणि चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यातील भूक निराळ्या जातीची आहे. चाकणच्या बाजारात कांदा-बटाट्याच्या गोण्यांच्या थप्प्या लागतात, मोठ्या कारखान्यांच्या कँटीनमध्ये पाळीगणिक पंगती उठतात. आणि तरीही पत्र्याच्या खोलीत चौघापाचांसह राहणारा कंत्राटी मजूर, काम सुटले की पंधरवड्याच्या आत खाणावळवाल्याचा देणेकरी होतो, एका वेळची भूक वडापाव आणि चहावर भागवतो, पण गावाकडे धाडावयाच्या रकमेला मात्र हात लावत नाही. अशी भूक रस्त्यावर हात पसरीत नाही, म्हणूनच ती शेजारच्या सोसायटीला दिसत नाही.

कायद्याने या माणसाला वाऱ्यावर सोडलेले नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियमान्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्याचा हक्क आहे, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य मिळते. शिधापत्रिका बीडची असो, नांदेडची असो वा बिहारातील एखाद्या जिल्ह्याची असो, ‘एक देश, एक रेशनकार्ड’ या व्यवस्थेमुळे मजुराने आपला वाटा कामाच्या गावी उचलावा व घरच्यांनी त्यांचा वाटा घरी घ्यावा, अशी सोय झालेली आहे. स्थलांतरित मजुरांच्या हालांची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ रोजी सर्व राज्यांना तिची अंमलबजावणी करण्याचा हुकूमही दिला.

परंतु हुकूम आणि पिशवी यांच्यामध्ये एक यंत्र उभे असते. फाउंड्रीत किंवा बांधकामावर वर्षानुवर्षे राबलेल्या हाताच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. अंगठा एकदा टेकवावा, पुसून पुन्हा टेकवावा, ठसा जुळत नाही. मागे रांग खोळंबते, पाळीची वेळ होत आलेली असते, आणि तो माणूस रिकामी पिशवी घडी घालून निमूटपणे निघून जातो. दुसरे बोट लावून पाहता येते, आधार केंद्रात ठसे नव्याने नोंदवता येतात, १४४४५ या क्रमांकावर विचारपूस करता येते, हे त्याला त्या क्षणी सांगणारे कोणी नसते. समाजाने करावयाचे पहिले काम मला येथेच दिसते. गणेशोत्सव मंडळांपाशी जागा आहे, तरुण मुले आहेत, वॉर्डातल्या प्रत्येक दुकानदाराशी ओळख आहे; वस्त्यांतून निवृत्त कारकून आहेत, ज्यांचे आयुष्य अर्ज आणि दाखले हाताळण्यात गेले. त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ मजूर वस्तीत टेबल मांडून कार्डे तपासली, ई-केवायसी अपुरे असेल ते करवून घेतले, आणि सहा वर्षांखालील मुलांची नावे जवळच्या अंगणवाडीत घातली, तर एका दिवसाच्या अन्नदानाने जे साधत नाही ते बारमाही साधेल.

शिजलेल्या अन्नाची निकड तरीही उरतेच, कारण एकट्या पुरुषाच्या खोलीत चूल पेटेलच असे नाही. त्यासाठी दूर जावयास नको. पुण्याच्या हमाल पंचायतीने डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली: ना नफा, ना तोटा या तत्त्वावर कष्टकऱ्याला परवडेल अशा दरात पोटभर जेवण, आणि तेही दयेचे नव्हे, मोल देऊन घेतलेले. १९९५ सालची एक रुपयाची झुणका-भाकर सरकारी अनुदानाच्या आधारावर उभी होती आणि पुढे बंद पडली. २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांत सुरू झालेल्या शिवभोजन थाळीने टाळेबंदीत हजारोंना तारले, परंतु तिच्या केंद्रचालकांवरही थकलेल्या देयकांसाठी खेटे घालण्याची पाळी आली. हमालांची भाकर मात्र टिकली, कारण ती हमालांच्याच संघटनेची होती. फुकट जेवणापेक्षा स्वस्त जेवण मला अधिक श्रेयस्कर वाटते ते याचसाठी. पैसे मोजणारा माणूस आमटी पातळ झाली तर बोलू शकतो.

कँटीन आणि मंगल कार्यालयांत उरलेले अन्न वाटण्याचे काम अनेक तरुण मनापासून करतात. ते स्तुत्य आहे. पण उन्हाळ्यात भात-भाजी फार वेळ टिकत नाही, आणि उद्या लग्नतिथी नसली तर भुकेल्याने काय करावे? त्यापेक्षा चाकणच्या एखाद्या चौकात, जेथे रात्रपाळीच्या बसगाड्या पहाटे माणसे उतरवतात, तेथे बचत गटाच्या स्त्रियांनी भाकरी-पिठल्याचे केंद्र चालवावे. शेकडो माणसांच्या स्वयंपाकाचा सराव त्यांतील कितीतरी जणींना आहेच. ग्रामपंचायतीने अथवा नगर परिषदेने शेड नाममात्र भाड्याने द्यावी, कारखानदारांनी मिळून पहिल्या वर्षाच्या भांड्यांचा व गॅसचा भार उचलावा, शेतकऱ्यांनी बाजारातील उतरती भाजी ठरल्या दराने द्यावी, आणि हिशेबाची वही मजुरांच्याच दोन-तीन प्रतिनिधींच्या हाती राहावी.