तज्ज्ञ साक्षीदार आणि यंत्राचे उत्तर

‘तज्ज्ञाचे मत’ हे प्रकरण वर्गात शिकताना मला रुक्षच वाटले होते. हस्ताक्षर, जखम, विष यांतले न्यायाधीशाला सगळेच कळत नाही, म्हणून तो जाणकाराला विचारतो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचे कलम ४५ आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ३९ झाले आहे. त्याच्या थोडे पुढे एक कलम आहे, ते आम्ही घाईत ओलांडले होते: तज्ज्ञाचे मत विचारात घ्यायचे, तर त्याची कारणेही विचारात घ्यायची. कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्न मला या कारणांपाशीच अडलेला दिसतो.

न्यूयॉर्क राज्यातील सॅराटोगा परगण्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये निकाल लागलेला एक खटला पाहा. विश्वस्ताने बहामातील घर वेळेवर विकले नाही, म्हणून लाभधारकाचे नुकसान किती झाले, असा वाद होता. नुकसान मोजणाऱ्या तज्ज्ञाने आपला हिशेब ‘कोपायलट’कडून पडताळून घेतला होता. पण त्याला नेमके काय विचारले, हे साक्षीत त्याला आठवेना. उत्तर कशाच्या आधारे आले, तेही सांगता येईना. तेव्हा न्यायालयाने स्वतःच विचारून पाहिले: अडीच लाख डॉलर अमुक एका फंडात २००४ च्या अखेरीपासून जानेवारी २०२१ पर्यंत ठेवले, तर किती होतील? एका संगणकावर ९,४९,०७० डॉलर, दुसऱ्यावर ९,४८,२०९, तिसऱ्यावर ९,५१,००० हून थोडे अधिक! फरक किरकोळ आहे, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. एकाच बेरजेची तीन उत्तरे देणाऱ्या कारकुनाला आपण पेढीवर किती दिवस ठेवू? गंमत म्हणजे, हे आकडे न्यायालयात चालतील का, असे विचारताच यंत्राने तज्ज्ञांकडून तपासून घ्या, असे सांगितले. तज्ज्ञ यंत्राकडे गेला आणि यंत्राने तज्ज्ञाकडे बोट दाखवले.

अशा साधनाचा आधार घेतला असेल तर तो आधी उघड करावा, असे त्या न्यायालयाने बजावले. मी म्हणेन, विचारलेला प्रश्न, तारीख आणि मिळालेले उत्तरही जपून ठेवावे. नाहीतर उलटतपासणीत दाखवायचे काय?

मिनेसोटातील प्रकार याहून चमत्कारिक. निवडणुकीतील बनावट चित्रफितींविरुद्धच्या कायद्याच्या समर्थनार्थ याच विषयाच्या एका प्राध्यापकाने शपथपत्र दिले होते. संदर्भासाठी सोडलेल्या जागा यंत्राने भरल्या. त्यांतले दोन लेख कुठे अस्तित्वातच नव्हते, तिसऱ्याचे लेखक चुकीचे होते. एकेक संदर्भ उघडून पाहायला अर्धा तास पुरला असता. दुरुस्त शपथपत्र देण्याची परवानगी मागितली गेली; जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ती नाकारली आणि मूळ शपथपत्रही विचारातून काढून टाकले.