ओहोटी : अर्थ, कारणे आणि गंगेचे उदाहरण

रघुनाथराव पेशव्यांचे दत्तकपुत्र अमृतराव यांच्या नावाचा वाराणसीतील अमृतराव घाट आज राजा घाट म्हणून परिचित आहे. पावसाळ्यात गंगेखाली गेलेल्या त्याच्या पायऱ्या हिवाळ्यात पुन्हा उघड्या पडतात. पाणी ओसरते खरे. परंतु ही ओहोटी नव्हे. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी समुद्रसपाटीपासून ७१.२६ मीटर आहे. इतक्या उंचीवर सागराची भरती पोहोचत नाही. येथील चढउतार मुख्यतः पावसाचा असून त्याचे आवर्तन वार्षिक आहे.

ओहोटीचे आवर्तन तासांचे असते. चंद्राचे आकर्षण पृथ्वीच्या सन्मुख बाजूस अधिक, तर विरुद्ध बाजूस कमी असते. या फरकामुळे दोन्ही बाजूंस सागरजलाला फुगवटा येतो. त्यासाठीचे पाणी मधल्या पट्ट्यातून ओढले जाते व तेथील पातळी खालावते, हीच ओहोटी. पृथ्वीचे परिवलन आणि चंद्राची पुढे सरकणारी गती यांमुळे बहुतेक किनाऱ्यांवर दोन ओहोट्यांत सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर पडते. सूर्याचा प्रभाव चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी असतो. अमावास्या-पौर्णिमेस दोघांची बले एका रेषेत आल्याने भरती सर्वांत उंच चढते आणि ओहोटीही सर्वांत खाली जाते. (परीक्षार्थी उधाणाचा संबंध केवळ भरतीशी जोडतात, ही नेहमीची चूक.) अष्टमीच्या सुमारास भांगाच्या काळात हा फरक किमान असतो.

गंगेची शाखा असलेल्या हुगळीवर, कोलकात्यात मात्र भरती-ओहोटी प्रत्यक्ष दिसते आणि तिचे आर्थिक मोलही मोठे आहे. या नदीत भरती थोड्या वेळात जोराने चढते, ओहोटी दीर्घकाळ संथपणे उतरते. आत आलेला गाळ परत नेण्याचे सामर्थ्य एकट्या ओहोटीत नसते. तिला वरून येणाऱ्या गोड्या पाण्याची जोड लागते. उन्हाळ्यात ती घटल्याने बंदर उथळ होऊ लागले. म्हणून १९७५ मध्ये फराक्का बंधारा कार्यान्वित झाला; त्याच्या कालव्याची क्षमता ४०,००० घनफूट प्रतिसेकंद आहे. त्याच पाण्यावर बांगलादेशाचाही हक्क असल्याने १२ डिसेंबर १९९६ रोजी ३० वर्षांचा वाटप करार झाला.

माझ्या मते फराक्काकडून बाळगलेली अपेक्षा अवास्तव होती. गाळ उपसण्याचा खर्च टळला नाही. अधिक खोलीची गरज असणाऱ्या जहाजांसाठी १९७७ मध्ये समुद्राजवळ हल्दियाची गोदी सुरू झाली. कोलकात्याच्या गोदीत शिरण्यासाठी जहाजांना आजही भरतीची वेळ पाहावी लागते.