शनिवारचा कागद

कांद्याच्या निर्यातीतला माणूस शनिवारी संध्याकाळी फोन बंद ठेवत नाही. लग्नाच्या पंगतीत बसला तरी एक डोळा स्क्रीनवर असतो. 19 ऑगस्ट 2023 ला निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं, तो शनिवार. 28 ऑक्टोबर 2023 ला टनाला 800 डॉलर किमान निर्यातमूल्य लागलं, तोही शनिवार. 2019 ची निर्यातबंदी 29 सप्टेंबरला, रविवारी आली. 4 मे 2024 ला बंदी उठली, ती पुन्हा शनिवारीच. पिंपळगाव बसवंतच्या ज्या खळ्यावर मी निर्यातीची कागदपत्रं सांभाळायचो, तिथले जुने मुनीम म्हणायचे, "दिल्लीवाले कांदा शनिवारीच चिरतात." रविवारी लिलाव नसतात, त्यामुळे ओरडा व्हायचा तो सोमवारी होतो, असा आमचा कयास. खरं कारण दिल्लीलाच ठाऊक.

बाहेरच्यांना वाटतं निर्यातदार बंदीला घाबरतो. बंदी आल्यावर काय करायचं ते सगळ्यांना पाठ असतं. गाड्या कोलकाता, गुवाहाटी, चेन्नईकडे वळवायच्या आणि मिळेल त्या भावाला माल मोकळा करायचा. झोप उडते ती त्याआधीच्या पंधरवड्यात. दिल्लीत किरकोळ भाव चढायला लागतात, कुठल्यातरी राज्यात निवडणूक तोंडावर येते, केंद्राचं पथक कांद्याच्या चाळी बघून जातं. मग आमच्या ऑफिसातली भाषा बदलायची. एरवी कोलंबोच्या किंवा पोर्ट क्लांगच्या गिऱ्हाइकाला शेठ आठवड्याचा भाव द्यायचे. आता ते सांगायचे, "हा भाव आज संध्याकाळपर्यंत. उद्याचं उद्या." लिलावात रोज दहा ट्रॅक्टर घेणारा आमचा माणूस चारवर यायचा. समोरच्या व्यापाऱ्याचंही तेच. बोली लावणारे हात कमी झाले की भाव बसतो. दिल्लीतून एक ओळही आलेली नसते, तरी निफाडच्या शेतकऱ्याची पट्टी कमी झालेली असते. तो विचारतो, "आज काय झालं हो?" काहीच झालेलं नसतं.

एकदा तर 2019 च्याच अधिसूचनेची पीडीएफ, वरची तारीख कापून, व्हॉट्सअॅपवर फिरली. सकाळचे लिलाव ऐन भरात होते. दोन व्यापारी फोनकडे बघत बाजूला सरकले, बाकीच्यांनी त्यांच्याकडे बघून हात आवरला. कागद जुना आहे हे कळायला अर्धा-पाऊण तास गेला. तेवढ्यात ज्यांचे ट्रॅक्टर पुकारले गेले, त्यांचं नुकसान झालं ते झालंच. सौदा पावती एकदा फाडली की मागे घेत नाहीत.

ऑगस्ट 2023 चं शुल्क मात्र खरं निघालं, आणि त्यात एक मेख होती. निर्यातशुल्क भाव ठरला त्या दिवसाच्या दराने लागत नाही. कस्टम्सचा अधिकारी माल जहाजावर चढवायची परवानगी देतो, म्हणजे आमच्या भाषेत 'लेट एक्स्पोर्ट' होतं, त्या दिवसाचा दर धरतात. भाव मंगळवारी पक्का केलेला. कंटेनर न्हावा-शेव्याला उभा. मध्ये शनिवार आला. एका चाळीस फुटी रीफरमध्ये, म्हणजे थंड कंटेनरमध्ये, 28 ते 30 टन माल बसतो, त्यावर 40 टक्के कोण भरणार? गिऱ्हाईक म्हणतं, आपलं ठरलं ते ठरलं. त्याचंही बरोबर आहे. शेठनी काही कंटेनर परत बोलावले, काही पदरचं घालून पाठवले. जुनं गिऱ्हाईक तुटू नये म्हणून.

सोमवारी नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद झाले. मंगळवारी केंद्राने नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत 2 लाख टन कांदा 2,410 रुपये क्विंटलने घ्यायचं जाहीर केलं. राज्याचे कृषिमंत्री धनंजय मुंडे तेव्हा दिल्लीत होते आणि उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस जपानमध्ये. फडणवीसांनी ती बातमी तिथूनच ट्वीट केली. आमच्या खळ्यावरच्या हमालांनी यावर दिवसभर करमणूक करून घेतली: कांदा लासलगावचा, शुल्क दिल्लीचं, बातमी जपानची. लिलाव गुरुवारी सुरू झाले.

तुम्ही म्हणाल, भाव पडला म्हणजे शहरातल्या माणसाची चंगळ. पण लिलाव बंद म्हणजे वाशीच्या घाऊक बाजारात जाणाऱ्या गाड्याही कमी. जो भाव उतरवायला शुल्क लावलं, तो मुंबईच्या भाजीवाल्याकडे त्या दिवसांत उतरायला तयार नसतो. 2020 च्या ऑक्टोबरात याची आणखी कडक आवृत्ती बघितली. घाऊक व्यापाऱ्याला 25 टनांची साठामर्यादा आली. पंचवीस टन म्हणजे दहा-बारा ट्रॅक्टर, म्हणजे आमच्या एका कंटेनरपेक्षाही कमी. ज्याने ही मर्यादा ठरवली त्याने लासलगावचं आवार कधी सकाळी नऊला बघितलं नसावं. व्यापाऱ्यांनी खरेदीच थांबवली, आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर आवारं ओस पडली.

7 डिसेंबर 2023 हा शनिवार नव्हता, गुरुवार होता. म्हणून आम्ही जरा गाफील. रात्री उशिरा परकीय व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना हातात आली: 31 मार्चपर्यंत निर्यातबंदी. अशा अधिसूचनेत पहिलं पान कुणी वाचत नाही, सवलतीचं कलम कुठे आहे ते शोधतात. ज्याचा माल चढवायला सुरुवात झालीय तो सुटला. ज्याचा माल अधिसूचनेआधी कस्टम्सच्या ताब्यात गेलाय आणि त्यांच्या सिस्टीममध्ये तशी नोंद आहे, तोही सुटला. त्यांना 5 जानेवारीपर्यंत मुदत. बाकीचे अडकले. मग सुरू झाला मिनिटांचा हिशोब. सीएचएला, म्हणजे आमच्या कस्टम्स एजंटला, फोन लावून एकेका कंटेनरची गेटमधली नोंद किती वाजताची ते विचारत होतो. एक गाडी रस्त्यात पंक्चर झाल्यामुळे मागे राहिली होती. तो ड्रायव्हर बिचारा फोनवर सारखा "सॉरी साहेब" म्हणत होता, आणि शेठ त्यालाच धीर देत होते.

तो काळ लाल कांद्याचा. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने दम धरतो, लाल कांदा धरत नाही. काढला की आठ-पंधरा दिवसांत बाजार दाखवावा लागतो. त्यामुळे "थांबू या, भाव सुधारेल" ही सोयच शेतकऱ्याला नव्हती. लासलगावचा भाव काही दिवसांत जवळपास निम्म्यावर आला.

परदेशातल्या गिऱ्हाइकांना काय वाटतं, हे बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी ऑक्टोबर 2019 मध्ये दिल्लीत हसत हसत सांगून टाकलं होतं. बंदी घालायची तर आधी कळवा तरी, मी स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हणून सांगितलंय, असा त्यांचा सूर होता. सभागृह हसलं. बांगलादेशाने मग तुर्कस्तान, इजिप्त, म्यानमारकडून कांदा आणला. पुढच्या वर्षी सप्टेंबरात पुन्हा रातोरात बंदी आली आणि बांगलादेश सीमेवरच्या पेट्रापोलच्या नाक्यावर गाड्या सडत उभ्या राहिल्या. ऑगस्ट 2024 मध्ये हसीनांचंच सरकार पडलं, तेव्हा नाशिकच्या गाड्या पुन्हा त्याच सीमेवर अडकल्या. या खेपेला अनिश्चितता पलीकडची होती. ढाक्याचा आमचा माणूस फोन उचलत नव्हता. त्याची आठवडाभर वाट बघितली.

2024 ची लोकसभा तर आमच्या धंद्याला पाठच झाली आहे. 22 मार्चला बंदी पुढील आदेशापर्यंत वाढली. 25 एप्रिलला गुजरातच्या 2,000 टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली. खरं तर 2,000 टन म्हणजे सत्तर-एक कंटेनर, जागतिक बाजारात किस झाड की पत्ती. पण नाशिकमध्ये त्या आकड्याने जी आग लागली ती दोन लाख टनांनीही लागली नसती. दोन दिवसांनी केंद्राने सहा देशांना 99,150 टन देण्याचा आकडा जाहीर केला, तो आधीच्याच परवानग्यांचा एकूण आकडा होता. मग 4 मेला बंदी उठली: 550 डॉलर किमान मूल्य, वर 40 टक्के शुल्क. शेठनी कॅल्क्युलेटर काढला. 770 डॉलर. किलोला 64 रुपयांच्या घरात. "दार उघडलंय, पण उंबरठा छातीएवढा," ते म्हणाले. 20 मेला मतदान झालं, दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार हरल्या. कांदा भोवला हे नंतर महायुतीच्या नेत्यांनीही बोलून दाखवलं. सप्टेंबरात, विधानसभेच्या तोंडावर, किमान मूल्य गेलं आणि शुल्क निम्म्यावर आलं. तो शुक्रवार होता.

1 एप्रिल 2025 पासून शुल्क पूर्ण गेलं. त्याची अधिसूचना 22 मार्चची, आणि वार सांगायची गरज नाही. त्या आठवड्यात शेठनी जुन्या गिऱ्हाइकांची यादी काढून एकेकाला फोन लावले. कोलंबोच्या एकाने सांगितलं की मधल्या काळात त्याने पाकिस्तानच्या मालाची सवय लावून घेतलीय, पण नाशिकचा घ्यायला आवडेल, जूनपर्यंतचा एकच भाव द्या. शेठनी त्याला तीन दिवसांचा दिला.