हसणारा कोण, हसला जाणारा कोण?

चित्रपट कसा होता, असे विचारले की 'करमणूक झाली' असे उत्तर मिळते. परंतु ज्या समाजाला पडद्यावर दीर्घकाळ स्थानच नव्हते, आणि असलेच तर दयेचे वा टिंगलीचे होते, त्याने एवढ्यावर थांबून चालणार नाही. प्रत्येक प्रकारच्या चित्रपटाला विचारायचा प्रश्न वेगळा आहे.

माहितीपटाला विचारावे : साक्ष कोणाची? ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्यांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसे मेली. जमाव टँकर पेटवणार होता, असे पोलिसांनी सांगितले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचे जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांनी चौदा वर्षे खपून 'जय भीम कॉम्रेड' केला आणि पोलिसांच्या म्हणण्यासमोर वस्तीची साक्ष उभी केली.

नाट्यपटाला विचारावे : कॅमेरा कोणाच्या बाजूचा? नागराज मंजुळे यांच्या, २०१४ साली प्रदर्शित झालेल्या 'फँड्री'त कैकाडी कुटुंब डुक्कर पकडण्यासाठी धावते आणि गाव बसून हसते. आपणही क्षणभर हसतो. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्या दिशेने येतो. तेव्हा कळते, की आपणही गावाच्याच रांगेत बसलो होतो.

विनोदाला विचारावे : हसू कोणावर? चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (प्रदर्शन २०१५) रूढ अर्थाने विनोदी नव्हे. लोकशाहीर नारायण कांबळेचे गाणे ऐकून गटारात उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा त्यात आरोप आहे. ही भूमिका आंबेडकरी कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. कामगाराला संरक्षणाची साधनेच नव्हती, हे त्याच्या पत्नीच्या साक्षीतून उघड होते. न्यायालयाचा गंभीर कारभार पाहून आपल्याला हसू येते; मात्र ते मेलेल्या माणसावर नसते, त्याला विसरलेल्या व्यवस्थेवर असते. दुबळ्यावर हसणे ही गावकीची जुनी सवय; सत्तेवर हसणे हा विद्रोह होय.

आज बदलापूरजवळच्या चामटोलीतही चित्रपट मोबाईलवर पोचतो. पण एकट्याने पाहिलेल्या चित्रपटावर वाद झडत नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी विहारात वा वर्गात भिंतीवर पांढरी चादर लावावी, सर्वांनी मिळून चित्रपट पाहावा आणि दिवे लागताच विचारावे : आपण कुठे हसलो, आणि कोणावर?