खेळणं कमी, नोंदी फार
नगर-सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगावातून कुणी पुण्याला गेम कंपनीत इंटर्नशिपला निघालं, की घरचे विचारणारच, ‘दिवसभर गेमच खेळायचे?’ पुण्यात अशा कंपन्या आहेत: युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८पासून, ‘राजी’ (२०२०) हा गेम बनवणारी नॉडिंग हेड्सही. चाचणी विभागात खेळायचं खरं, पण तोच टप्पा पुन्हापुन्हा. नायक भिंतीत अडकला, तर कोणती आवृत्ती, कोणता फोन, कोणती बटणं कोणत्या क्रमाने दाबली, हे सगळं लिहायचं. त्यावरून प्रोग्रामरला तो दोष पुन्हा घडवता आला नाही, तर नोंद परत येते. दुरुस्तीनंतर पुन्हा तपासणी. कारण एक सुधारताना दुसरं बिघडू शकतं. माझ्या मते इथे चपळ बोटांपेक्षा नेमकं लिहिणारा हात लागतो. शिवाय गोपनीयतेचा करार: बाजारात न आलेल्या गेमबद्दल जिवलग मित्रालाही सांगायचं नाही.