वनाज ते रामवाडी, व्हाया कँडी

पौडहून वनाजला यायचं आणि मेट्रो धरायची; शेवटचं स्थानक रामवाडी. ६ मार्च २०२४ पासून आम्हा मुळशीकरांना नगर रस्ता एवढा जवळ आला. तिथे आयटी पार्क, हॉटेलं, विमानतळाकडे वळणाऱ्या गाड्या. आणि या गजबजाटातच ‘ज्ञानदीप’, म्हणजे पूर्वीचं ज्ञानदीप विद्यापीठ, जवळच पेपल सेमिनरी आणि डी नोबिली कॉलेज.

हे विद्यापीठ जन्माने पुणेरी नव्हे. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये त्याची सुरुवात केली ती सिलोनमधल्या कँडीला. युरोपातून पाद्री किती काळ आणणार? इथलीच मुलं धर्मगुरू व्हावीत, हा हेतू. ते सोपवलं बेल्जियन जेझुइट पाद्र्यांकडे. सिलोन तेव्हा परदेश वाटत नव्हता. दोन्हीकडे राज्य इंग्रजांचंच. १९२६ मध्ये रोमने पदव्या देण्याचा अधिकारही दिला. पुढे दोन्ही देश स्वतंत्र झाले, मध्ये सरहद्द आली आणि १९५५ साली हे बिऱ्हाड पुण्याला हललं. ‘ज्ञानदीप’ हे नाव १९७२ चं.

नावात बरीच वर्षं विद्यापीठ होतं तरी इथल्या तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्राच्या पदव्यांवर मोहोर रोमची, यूजीसीची नव्हे. म्हणून हे ‘बाहेरचं’ म्हणून सोडून द्यावं, तर इथे शिकवून गेलेली माणसं आडवी येतात. बेल्जियमचे फादर रिचर्ड डी स्मेट यांनी रोममध्ये प्रबंध लिहिला तो शंकराचार्यांच्या विवेचनपद्धतीवर, आणि मग पुण्यात भारतीय तत्त्वज्ञान शिकवलं. संस्कृतचे जाणकार आणि पुढे इथले प्रमुख झालेले फादर नोएल शेठ यांचा ग्रंथ श्रीकृष्णाच्या देवत्वावर आहे. कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते रॉबर्टो डी नोबिली तर १६०६ मध्ये मदुराईला आलेले इटालियन. तमिळ-संस्कृत शिकले, संन्याशासारखी वस्त्रं नेसून राहिले. वेश पालटून धर्म सांगितला, हा आक्षेप त्यांच्यावर आजही घेतला जातो. तो अगदीच गैर म्हणता येणार नाही. पण दुसऱ्याचं शास्त्र त्याच्याच भाषेत वाचायची चिकाटी किती जणांत असते? आपल्यातल्या किती जणांनी बायबल मराठीत तरी उघडलं आहे?

कँडीजवळच्या अँपिटियातली या संस्थेची जुनी वास्तू मात्र ओस पडली नाही. तिथे आता श्रीलंकेचे धर्मगुरू तयार होतात.